समजून घ्या : कॅन्सरतज्ज्ञ नेमकं काय करतात, त्यांच्याकडे कधी जायचं? काचेच्या पट्टीवर कॅन्सर ओळखणाऱ्या डॉ. खानोलकरांची गोष्ट

दिंद्रुड (ता. माजलगाव) : दिवाळी सरली की दिंद्रुड आणि आसपासच्या गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता ठरलेला असतो. मग पुढचे पाच-सहा महिने दुखणं अंगावर काढायचं, कारण एक दिवसाचा खाडा म्हणजे मजुरीत कपात. गालात महिनाभरापासून असलेला तंबाखूचा चट्टा असो किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा सुरू झालेला रक्तस्राव, सगळं 'पट्टा पडल्यावर बघू' यावर ढकललं जातं.

याच जिल्ह्यात दुसरं टोकही दिसलं. पोटदुखी आणि पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घालून गर्भाशय काढल्याच्या तक्रारी आल्या. राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

एकीकडे खरा कॅन्सर असून उशीर, दुसरीकडे कॅन्सरचा पुरावा नसताना घाई. दोन्हीच्या मध्ये प्रश्न एकच आहे : कॅन्सर आहे हे कोणी ठरवलं आणि कशावरून? या प्रश्नाचं शास्त्रशुद्ध उत्तर भारतात रुजवण्यासाठी ज्यांनी आयुष्य दिलं, त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांचं आयुष्य समजून घेतलं, की कॅन्सरतज्ज्ञाचं कामही आपोआप समजतं.

कोण होते डॉ. खानोलकर?

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबातला. डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घ्यायला ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी घेतली. विषय होता पॅथॉलॉजी, म्हणजे विकृतिशास्त्र.

त्या काळी परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरने दवाखाना थाटावा, नाव आणि पैसा कमवावा, अशी रीत होती. पॅथॉलॉजीत यातलं फारसं काही नव्हतं. हा डॉक्टर रुग्णाच्या उशाशी क्वचितच दिसतो. रुग्णाच्या अंगातून काढलेला लहानसा तुकडा त्याच्याकडे जातो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजाराचं नाव सांगतो. रुग्णाला त्याचं नावही ठाऊक नसतं. खानोलकरांनी हेच काम निवडलं.

मुंबईत परतल्यावर त्यांनी आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवली. भारतातल्या पॅथॉलॉजीचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून पुढे त्यांची ओळख झाली, त्याची सुरुवात या वर्गांतून झाली.

टाटा रुग्णालय कसं उभं राहिलं?

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांच्यावरचे उपचार परदेशात झाले होते. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने परळला कॅन्सरसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लमली यांच्या हस्ते टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं उद्घाटन झालं.

त्या वेळी कॅन्सरवर दोनच मोठे इलाज होते. एक शस्त्रक्रिया, दुसरा रेडियम आणि क्ष-किरणांचा. आज ज्याला आपण केमो म्हणतो, त्या औषधांचं शास्त्र जेमतेम जन्माला येत होतं. दोन्ही इलाज अंगावर कायमच्या खुणा ठेवणारे. जबडा काढायचा, स्तन काढायचा, किरण द्यायचे, तर आधी आजाराची खात्री हवी. म्हणूनच रुग्णालयाला शल्यविशारदांइतकीच चांगल्या प्रयोगशाळेची गरज होती. प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाचे संचालक म्हणून खानोलकर तिथे आले.

धोतर, चुट्टा आणि खैनी

कॅन्सर हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, भारतात तो फारसा नाही, असा समज तेव्हा डॉक्टरांमध्येही होता. रुग्णालयात येणारी गर्दी वेगळंच सांगत होती. खानोलकरांनी मोजायला सुरुवात केली. मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १,००० रुग्णांचा त्यांचा आढावा १९४४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर संशोधनाच्या नियतकालिकात आला.

पुढच्या वर्षीचा त्यांचा निबंध आजही वाचला जातो. सहकारी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या या निबंधात त्यांनी माणसाच्या सवयींमुळे होणारे तीन कॅन्सर दाखवून दिले.

पहिला धोतराचा. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट आवळल्याने कातडी घासते, काळपट-पांढुरकी होते, जखम चिघळत राहते आणि काही जणांमध्ये तिथे कॅन्सर होतो. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीवर काही जण, विशेषतः बायका, चिरुटाचं पेटतं टोक तोंडात धरून ओढत. त्यांना टाळूचा कॅन्सर होई. तिसरा खैनीचा. तंबाखू आणि चुना मळून ओठामागे दाबून ठेवला, तर जिथे ती चिमूट बसते तिथेच आजार उगवतो.

खैनी म्हणजे आपल्याकडची तंबाखू-चुन्याची मळी. माजलगाव-दिंद्रुडकडे ती बहुतेकदा गालात जाते, बायका मिश्री लावतात, पोरं गुटख्याची पुडी शोधतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सवय गेलेली नाही. तंबाखू जिथे ठेवतो त्याच बाजूला चट्टा उठतो, हे गावातल्या जाणत्या माणसालाही दिसतं. खानोलकरांनी ते काचेच्या पट्टीवर आणि आकड्यांत मांडलं. सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा ब्रिटनमधला डॉल आणि हिल यांचा गाजलेला अभ्यास १९५० चा आहे. म्हणजे हा निबंध त्याआधी पाच वर्षं आला होता.

धोतराची गोष्ट जुनी झाली असं समजायचं कारण नाही. परकराची नाडी करकचून बांधल्याने कमरेवर चिघळलेल्या जखमेत कॅन्सर झाल्याच्या दोन घटना वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये नोंदवल्या. असा कॅन्सर दुर्मीळ आहे. पण कमरेवरची महिनोन्महिने न भरणारी जखम दाखवून घ्यायला हवी, हे खरं.

एकाच शहरात वेगवेगळे कॅन्सर का?

खानोलकरांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. मुंबई एकच, हवा-पाणी एकच, पण समाजागणिक कॅन्सर वेगळे. पारशी स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर अधिक दिसे, इतर अनेक समाजांतल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाचा. लग्नाचं वय, बाळंतपणं, खाणं, तंबाखू, स्वच्छता या गोष्टींचा आजाराशी संबंध असणार, हे त्यातून पुढे आलं. कॅन्सर म्हणजे नशिबाचा भोग, हा विचार मागे पडून त्याला कारणं असतात आणि काही कारणं टाळता येतात, हा विचार भारतीय वैद्यकात रुजला, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

काचेच्या पट्टीवर नेमकं काय दिसतं?

आता त्यांच्या रोजच्या कामाकडे वळू, कारण आजही निदान याच वाटेने होतं.

संशयित जागेचा लहान तुकडा काढतात. त्याला बायोप्सी म्हणतात. तो तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप काढतात, रंग देतात आणि काचेच्या पट्टीवर ठेवून पाहतात. निरोगी पेशी एकसारख्या, शिस्तीत असतात. कॅन्सरच्या पेशी वेड्यावाकड्या, त्यांची केंद्रकं मोठी, आणि त्या आपली हद्द सोडून शेजारच्या भागात घुसलेल्या दिसतात. हे घुसणं दिसलं की निदान पक्कं होतं. आता त्याच ठोकळ्यावर खास तपासण्या करून कोणतं औषध लागू पडेल, हेही ठरवतात.

सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय यांतून गाठ कुठे आहे, केवढी आहे हे कळतं, संशय घेता येतो. पण बहुतेक कॅन्सरमध्ये अखेरचा निर्णय पट्टीवरच होतो. रक्ताच्या कॅन्सरमध्ये गाठीऐवजी रक्त आणि हाडातला मगज तपासतात.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही गावोगावी ऐकू येणारी भीती आहे. योग्य पद्धतीने केलेल्या तपासणीत ही भीती बाळगण्याचं कारण नाही. उलट तपासणीविना गाठ कापून टाकली, तर पुढचे उपचार अवघड होतात.

संशोधन केंद्र आणि कमल रणदिवे

१९५२ मध्ये परळला भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र सुरू झालं. खानोलकर त्याचे संस्थापक आणि पहिले संचालक. त्याआधीपासून त्यांनी तरुण संशोधकांना हाताशी धरलं होतं. त्यांतल्या एक म्हणजे पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकलेल्या कमलताईंनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर काम केलं आणि १९४९ मध्ये पीएच. डी. मिळवली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकून त्या परत आल्या आणि याच केंद्रात ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

खानोलकरांचं लक्ष कॅन्सरपुरतं नव्हतं. कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. अणुऊर्जा विभागाच्या जीवशास्त्र आणि वैद्यक सल्लागार समितीचे ते अध्यक्ष होते, आणि किरणोत्सर्गाचे परिणाम तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीवरही त्यांनी काम केलं. कॅन्सरविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचेही ते अध्यक्ष होते. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

१९६२ मध्ये टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आलं आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. उपचार आणि संशोधन एका छताखाली असण्याची ही सोय आज देशभरच्या रुग्णांच्या कामी येते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकरांचं निधन झालं.

हे काम मराठवाड्याच्या वेशीपर्यंत कसं आलं?

खानोलकरांनी मुंबईत मोजणी केली. खेड्यात कॅन्सर किती, हे मात्र बराच काळ अंधारात होतं. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते फिरू लागले, लोकांशी बोलून संशयित रुग्ण रुग्णालयात आणू लागले. त्यामुळे लोक लवकर तपासणीला येऊ लागले, हा त्याचा मोठा फायदा.

त्यानंतर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयोगटातल्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची एकदाच तपासणी केली आणि गरजेनुसार उपचार केले, तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बीडच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेलं हे ज्ञान आज जगभर वापरलं जातं.

बीडच्या बायकांचं काय चुकलं? काहीच नाही

पांढरं पाणी जाणं, ओटीपोट दुखणं, पाळीत जास्त रक्त जाणं ही बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची, गाठींची किंवा हार्मोन्सच्या गडबडीची लक्षणं असतात. त्यावर औषधं असतात. कॅन्सरची शंका असेल, तर गर्भाशयमुखाची तपासणी, गरज पडल्यास तुकड्याची तपासणी, आणि मग निर्णय, असा क्रम आहे. हा क्रम सांगण्याची जबाबदारी डॉक्टरची असते. उचल फेडायची घाई असलेल्या बाईने तो माहीत करून घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची. तरुणपणी गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं, तर पाळी अचानक बंद होते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि पुन्हा उसाच्या मोळ्या उचलायच्या असतात.

या प्रकारानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक करण्यात आलं. तरीही घरच्या माणसांनी एक प्रश्न विचारायलाच हवा : कॅन्सर आहे म्हणता, तर बायोप्सीचा रिपोर्ट कुठे आहे?

कॅन्सरतज्ज्ञ एक नसतो

कॅन्सरचा डॉक्टर असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ते पथक असतं.

- पॅथॉलॉजिस्ट : कॅन्सर आहे की नाही आणि कोणत्या प्रकारचा, हे सांगतो.
- सर्जिकल ऑन्कोलॉजिस्ट : कॅन्सरची शस्त्रक्रिया करतो. गाठीसोबत आजूबाजूचा किती भाग आणि कोणत्या ग्रंथी काढायच्या, याचं त्याचं वेगळं शिक्षण झालेलं असतं.
- मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट : केमो आणि इतर औषधं ठरवतो.
- रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट : किरणोपचार, म्हणजे बोलीभाषेतलं शेक देणं, हे काम पाहतो.
- हेमॅटोलॉजिस्ट : रक्ताचे आजार आणि रक्ताचे कॅन्सर बघतो.
- वेदनाशामक उपचारांचे डॉक्टर : दुखणं, झोप, भूक, श्वास सांभाळतात. ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतात, उपचारांच्या पहिल्या दिवसापासून त्यांचा उपयोग होतो.

मोठ्या केंद्रांत हे सगळे एकत्र बसून एकेका रुग्णाचा निर्णय घेतात. आधी शस्त्रक्रिया की आधी केमो, हा क्रम आजाराच्या टप्प्यावर ठरतो. पहिल्या टप्प्यात आजार एका जागी असतो, चौथ्यात दूरच्या अवयवांत गेलेला असतो.

कधी दाखवायचं?

पुढचं काही दोन-तीन आठवड्यांत बरं झालं नाही, तर डॉक्टरांना दाखवा :

- तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं
- बसलेला आवाज, घास गिळताना अडकणं
- मानेत, काखेत, जांघेत गाठ
- न भरणारी जखम, तीळ किंवा चामखीळ अचानक वाढणं
- शौचाच्या सवयीत बदल
- कारण नसताना वजन घटणं, सतत ताप

यांसाठी मात्र थांबू नका : स्तनात गाठ, स्तनाग्रातून रक्त, पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव, संबंधांनंतर रक्तस्राव, खोकल्यातून किंवा शौचातून रक्त. गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

यातलं प्रत्येक लक्षण म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकांना साधाच आजार निघतो. पण ते ठरवायचं तपासून.

आधी कुठे जायचं?

थेट मुंबई गाठायची गरज नसते. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयापासून सुरुवात करा. तीस वर्षांवरच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात मोफत होते. आशाताईंकडे चौकशी करा. तिथून गरजेनुसार अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीला पाठवलं जातं. बायोप्सीत कॅन्सर आला, तर पुढचे उपचार कॅन्सरतज्ज्ञाकडेच घ्यावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

आणखी एक. बायोप्सी झाली की फक्त रिपोर्टच्या कागदावर समाधान मानू नका. काचेच्या पट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या. दुसऱ्या रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं झालं, तर तिथला पॅथॉलॉजिस्ट त्याच पट्ट्या पुन्हा पाहू शकतो आणि बहुतेकदा नव्याने तुकडा काढावा लागत नाही. ऊसतोडीला निघताना हे सगळं पत्र्याच्या पेटीत न ठेवता सोबत न्या. कारखान्याच्या गावीही डॉक्टर असतात आणि तिथे पहिला प्रश्न याच कागदांचा येतो.